चारशे अकरावी नोंद

कब्बनपेठ, बेंगळूर
३ ऑगस्ट १९६४

चि. सौ. विमला हिस,

आप्पाजी पतंगे यांचा आशीर्वाद. तो घ्यावा की न घ्यावा हे तुझ्या स्वाधीन; देणे हे माझे काम असल्यामुळे प्रथम ते करितो.

तुझी आई गेली तेव्हा, तीन वर्षांपूर्वी, तू बेळगावहून येऊन दहा दिवस या घरात राहिलीस आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. त्याबद्दल हे पत्र नाही. हे पत्र कामाचे आहे.

आपल्या रविवार मंडळास यंदा तीस वर्षे पूर्ण होत आहेत. चिटणीस नरसिंहराव तुला आठवत असतील. शाळा तपासनीस होते, आणि त्यांच्या कोटाचा उजवा खांदा नेहमी उतरता शिवावा लागे. त्यांनी ठरविले आहे की, सभासदांनी या शहराच्या आसपास जे पशुपक्षी स्वतः पाहिले व नोंदविले, त्या सर्व नोंदींचे पुस्तक छापावे. मंडळात डॉक्टर आहेत, बी.एस्सी. झालेले आहेत. तथापि सर्वांत अधिक नोंदी माझ्या वहीत आहेत. त्यांची संख्या अकराशे छत्तीस. नरसिंहराव भर सभेत म्हणाले, "अहो, पुस्तक आप्पाजींचंच. आम्ही आपली कडेची गोट." चौथी शिकलेल्या शिंप्याविषयी हे शब्द बोलले गेले. ते तुला कळवितो, कारण कळविण्यासारखे दुसरे माणूस आता घरात नाही.

छपाईपूर्वी प्रत्येकाने लेखी द्यावयाचे आहे की, न पाहिलेले असे माझ्या वहीत काही लिहिलेले नाही आणि पाहिलेले असे काही गाळलेले नाही. माझी वही तपासताना नरसिंहरावांचे बोट चारशे अकराव्या नोंदीवर थांबले. ती तुझ्या अक्षरात आहे व मी पट्टी ठेवून लाल शाईने खोडलेली आहे. पुढे "दुसरी साक्ष नाही. बाद" असे माझ्या हातचे आहे. "हे काय?" त्यांनी विचारले. "मुलीची नजरचूक," मी म्हणालो. "मग तिच्याकडून दोन ओळी आणा, म्हणजे वही स्वच्छ झाली."

त्या दोन ओळी मीच लिहून सोबत पाठवीत आहे. "दिनांक १५ नोव्हेंबर १९५३ रोजी केंपय्याच्या तळ्यावर मी जे जनावर पाहिले ते तरस होते. बिबट्या असे लिहिले ती माझी चूक." खाली सही करून परत पाठवावे. लखोट्यावर पत्ता घालून ठेवला आहे.

माझ्या डाव्या डोळ्यास आता फक्त उजेड आणि काळोख यांतला फरक कळतो. उजव्यात मोतीबिंदू आहे. सुई अद्याप मी स्वतः ओवितो.

आप्पाजी रामजी पतंगे



कब्बनपेठ
३० ऑगस्ट १९६४

चि. सौ. विमला हिस आशीर्वाद.

सत्तावीस दिवस झाले. बेळगावचे टपाल चार दिवसांत येते.

तुला असे वाटत असेल की, अण्णांना केवळ आपले नाव छापलेले पाहावयाचे आहे. मी ते नाकारीत नाही. मनुष्याने तीस वर्षे दर रविवारी पायपीट करावी, आणि त्याचे काहीच राहू नये, हे कोणाला रुचेल? काल वही प्रथमपासून वाचून काढली; वाचली म्हणजे डोळ्याजवळ धरून अक्षर अक्षर लावले. पहिलीच नोंद १९३४ सालची: ऊदांची जोडी, मासा दोघांनी दोन टोकांनी धरलेला. ज्या तळ्यावर ती पाहिली तेथे आज पत्र्याची वखार आहे. सत्तेचाळीस साली चित्रबलाकांचा थवा, तीनशे बारा, दोनदा मोजून. दुर्बीण त्याच वर्षी मिळाली होती. ज्या साहेबाचे शिकारी कोट मी शिवीत असे तो विलायतेस परत जाताना देऊन गेला.

आणि क्रमांक एकशे सहासष्ट. आनेकलच्या रस्त्यावर, चिंचेच्या झाडात, काडुपापा, इंग्रजीत लोरिस म्हणतात तो. तू नऊ वर्षांची होतीस. हे जनावर मी तोपर्यंत केवळ ऐकले होते. कानडीत रानातले मूल म्हणतात, ते किती योग्य आहे ते त्या दिवशी कळले. दोन मोठे डोळे आणि फांदीला घट्ट धरलेली मुलासारखी बोटे. तू म्हणालीस, "अण्णा, झाडात कोणी बाळ विसरलंय." मी हसलो, आणि मग मला दिसले. पहिली साक्ष म्हणून तुझे नाव लिहिले व दुसरी सही मी केली. पुढे वही लिहिण्याचे काम मी तुजकडेच दिले, कारण तुझे अक्षर माझ्याहून चांगले होते. ही गोष्ट मी मंडळात कधीही लपविली नाही.

मंडळाचे दोन नियम तुला पाठ आहेत. एक, दोन माणसांनी पाहिल्याखेरीज नोंद नाही. दुसरा, कोणाची एक जरी नोंद लबाडीची ठरली तरी त्याची साक्ष जेथे जेथे असेल तेथील सर्व नोंदी बाद. हा दुसरा नियम मी आणला. रघुपती वकिलांनी हेसरघट्टच्या माळावर माळढोक पाहिल्याचे लिहिले होते, आणि नेमक्या त्या रविवारी सकाळी ते माझ्या दुकानात हात पसरून उभे होते. मी त्यांच्या काळ्या कोटाचे माप घेत होतो. मापाच्या वहीत तारीख होती. ती मी सभेत उघडून ठेवली. त्यांच्या चौदा वर्षांच्या नोंदी गेल्या. त्यांच्याबरोबर गेलेला साक्षीदार त्यांचा अशील होता, तो दुसऱ्या दिवशी फिरला. तेव्हापासून वकील मला पाहून रस्ता ओलांडतात. मला त्याचा खेद नाही. नियम तो नियम.

तेव्हा तुझी नोंद मी खोडली ती नियमाप्रमाणे खोडली. दुसरी साक्ष नव्हती. तुझ्याविषयी माया नव्हती म्हणून नव्हे.

त्या आठवड्यात पुढे जे घडले ते ईश्वराधीन होते. शिवाप्पाची बायको कावेरी हिने मला तळ्याच्या बांधावर जे विचारले त्यास मी माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर दिले. ती गुरुवारी गवतास एकटी गेली, हे मी तिला सांगितले नव्हते. हे तुला अकरा वर्षे कोणी समजावून सांगितले नसेल म्हणून लिहिले.

कागदावर सही करून पाठव.

आप्पाजी



कब्बनपेठ
४ ऑक्टोबर १९६४

चि. सौ. विमला हिस आशीर्वाद.

तुझा लखोटा पोहोचून नऊ दिवस झाले. कागद सही न होता परत आला आहे. मागील कोऱ्या बाजूस तुझी एक ओळ आहे: "अण्णा, त्या कातड्याचा डावा कान कसा होता, तेवढं लिहा."

अकरा वर्षांत तुजकडून मला आलेली ही पहिली ओळ. अक्षर अद्याप तसेच आहे. शाळेत मुलींना तू ते शिकवीत असशील.

नऊ दिवस हा कागद यंत्राच्या खणात होता. बॉबिन काढावयास खण उघडला की वर तो. प्रथम मी ठरविले की, उत्तर द्यावयाचे नाही. बापाची उलटतपासणी घेण्याची रीत आपल्या घरात नाही. परंतु प्रश्न मापाचा आहे, आणि मापाचा प्रश्न मी आजवर कोणाचाही टाळलेला नाही.

तर डिसेंबर १९५३. एका शिकाऱ्याच्या माणसाने कातडे आणून दिले. त्यास खालून लाल लोकरी बनात लावून कडेने कंगोरे करावयाचे होते. कावेरी खडकाजवळ मृत सापडल्यानंतर गावकऱ्यांनी मेलेल्या शेळीत विष भरून त्याच खडकाखाली ठेविले होते. त्यावर ती मादी मेली आणि शिकाऱ्याने कातडे घेतले. हे सर्व मला त्या माणसाने सांगितले. तू दुकानात मागच्या बाकावर काजे करीत बसली होतीस. तू विचारलेस, "कुठलं हे?" मी म्हणालो, "म्हैसूरकडचं. मोठ्या रानातलं."

तू सुई गादीत टोचलीस, उठून आलीस, आणि त्या कातड्याचा डावा कान दोन बोटांत धरून पाहिलास. मग आत गेलीस. मी बनात लावीत राहिलो. पोटाकडची बाजू उलटताना हाताला कळले की मादी दुधावर होती. पिल्ले कोठे होती याचा तपास कोणी केला नाही. मीही केला नाही.

तुझे उत्तर: डाव्या कानास खाच होती. तिरपी, एका काजाएवढी. चारशे अकराव्या नोंदीत तू "डाव्या कानास खाच" असे लिहिले आहेस, ते मला माहीत आहे. तू पाहिलेस तो बिबट्या होता, आणि तीच मादी होती. हे मी आज कबूल करितो.

परंतु तू पाहिलेस ते खरे, म्हणजे मी पाहिले ते खोटे, असे होत नाही. दुर्बीण तुझ्या हातून माझ्या हाती येईतो ऊन उतरले होते. मनुष्याची नजर फसू शकते. मी तरस म्हणालो, ती चूक असेल. मंडळ चूक आणि लबाडी यांत भेद करिते. चुकीबद्दल कोणाची वही बाद होत नाही. मी नरसिंहरावांशी बोललो. ते म्हणाले, "सरी, ठीक आहे. 'नोंद खरी, दुसरे साक्षीदार नजरचुकीने फसले' असं लिहू. कोण विचारतंय आता? स्वल्प शाई लागेल." म्हणजे तुझी नोंद लाल रेघेतून निघेल व छापली जाईल, आणि माझी वहीही राहील. दोघांचेही नुकसान नाही.

तसा नवा कागद सोबत आहे. यावर सही करण्यास तुला अडचण नसावी.

सुई आता शेजारची भाग्यलक्ष्मी ओवून देते. मागील पत्रात मी निराळे लिहिले होते.

आप्पाजी



कब्बनपेठ
१५ नोव्हेंबर १९६४

विमला,

तुझे उत्तर आले नाही. येणार नाही असे वाटल्यावरून मी आज सकाळच्या बसने आनेकलकडे गेलो. भाग्यलक्ष्मीच्या नवऱ्याने बसमध्ये बसवून दिले. उतरल्यावर काठीने वाट काढली. वाट पायांना ठाऊक होती.

केंपय्याचे तळे निम्मे भरले आहे. बांधावर अद्याप शिवाप्पाचीच झोपडी आहे. तो मला ओळखेल असे मला वाटले नव्हते, पण त्याने लांबूनच हाक मारली. "मेस्त्री, दुर्बीण कुठे विकली?"

"डोळे विकले," मी म्हणालो. "दुर्बीण घरी आहे."

तो हसला. त्याने घोंगडी पसरली, ताक दिले. पाच-सहा बगळे आले आहेत म्हणाला, मला दाखवू लागला, आणि मग मला दिसत नाही हे ध्यानात येऊन मोजून सांगू लागला. त्याने दुसरे लग्न केले नाही. मी विचारले नव्हते, त्यानेच सांगितले. आणि मग म्हणाला:

"मेस्त्री, एक सांगू? तिला मी पाठवली. त्या गुरुवारी ती जायला तयार नव्हती. म्हणाली, टेलरांची पोरगी म्हणते चिरते आहे. मी तिला हसलो. म्हटलं, पोरीचं काय ऐकतेस, मेस्त्री स्वतः म्हणाले तरस आहे, तरस माणसाला धरतो होय? गेल्या वर्षी घरात साप निघाला तेव्हा मेस्त्री म्हणाले धामण आहे, आणि धामणच निघाली की नाही? जा, म्हटलं. गाय उपाशी आहे. मीच पाठवली. चूक तुमची नाही, तुम्हाला नीट दिसलं नसेल. पाठवली मी."

चिरते म्हणजे बिबट्या. तुला सांगावयास नको. अकरा वर्षे हा मनुष्य त्या बांधावर बसून स्वतःस हे सांगत आला आहे.

विमला, आता मी जे लिहितो ते प्रथम तुला लिहितो, कारण ते प्रथम तुला ठाऊक आहे.

माझी नजर फसली नाही. ऊन उतरले नव्हते. खडकावर ते अद्याप अर्धे होते, आणि जनावर त्या उन्हात होते. शेपूट खडकावरून खाली सोडलेली, टोक हलत असलेले. दुर्बीण तू माझ्या हातात दिलीस तेव्हा काचा तुझ्या श्वासाने धुरकट होत्या. मी त्या धोतराच्या सोग्याने पुसल्या आणि मग पाहिले. कापडाचा ठिपका आणि पट्टा मी दहाव्या वर्षापासून ओळखतो. ठिपके गुलाबासारखे, आत पिवळे. तिने मान वळविली तेव्हा कानाची खाचही दिसली. तुझ्याआधी मी ती खाच पाहिली असेन.

मी दुर्बीण खाली घेतली आणि म्हणालो, "तरस आहे."

तू म्हणालीस, "अण्णा, ठिपका आणि पट्टा मला कळत नाही का? शिंप्याची मुलगी आहे मी."

कारण तुला ठाऊक आहे, तरी लिहितो. त्याच्या दोनच महिने आधी मी मंडळापुढे निबंध वाचला होता: शहराच्या दक्षिणेस बिबट्या उरलेला नाही. वीस वर्षांच्या नोंदींवरून मी ते सिद्ध केले होते. तो एका वर्तमानपत्रात छापून आला. खाली नाव होते, आप्पाजी पतंगे, आणि नावापुढे शिंपी असे लिहिलेले नव्हते. बी.एस्सी. झालेल्या लोकांनी उठून हात मिळविला होता. रघुपती वकील त्या सभेबाहेर कोणास म्हणाले होते की, शिंपी आता रानाचे माप घेतो, एक दिवस तोकडे पडेल. हे माझ्या कानांवर आले होते. आणि दोन महिन्यांनी तो बिबट्या माझ्यासमोर उन्हात बसला होता. मी त्याला पाहिले, आणि मला त्याचा राग आला.

परत येताना बांधावर कावेरी भेटली. डोक्यावर भारा, हातात विळा. तिने विचारले, "मेस्त्री, चिरते आलंय म्हणतात, खरं काय?" तू म्हणालीस, "होय अक्का, मी आत्ता पाहिलं. खडकाकडे जाऊ नको." आणि मी हसलो. मी म्हणालो, "पोर आहे. तरस पाहून भ्याली. तू खुशाल जा." ती तुझ्याकडे पाहून हसली, माझ्या हसण्याला सोबत म्हणून. बसमध्ये तू माझ्या शेजारी बसली नाहीस. घरी आल्यावर तू नोंद लिहिलीस आणि दुसऱ्या साक्षीची जागा कोरी ठेवून वही माझ्यापुढे सारलीस. मी पट्टी मागितली. पट्टीही तूच दिलीस.

गुरुवारी ती खडकाजवळ सापडली. भारा बांधून तयार होता, विळा भाऱ्यात खोवलेला. म्हणजे काम झाले होते, ती परत निघाली होती.

हे सर्व मी आज शिवाप्पास सांगितले. "तिला तू पाठविले नाहीस. मी पाठविले. मला दिसले होते," असे म्हणालो. त्याचे तोंड मला दिसत नव्हते. त्याबद्दल मी प्रथमच या डोळ्यांचा आभारी झालो. तो ओरडला नाही. त्याने माझ्या हातातील ताकाचे भांडे काढून घेतले. त्यात ताक अजून होते. ते त्याने बाहेर ओतल्याचे ऐकू आले. मग म्हणाला, "उठा मेस्त्री. घोंगडी झाडायची आहे."

मी उठलो. रस्त्यापर्यंत तो माझ्याबरोबर आला नाही. बगळे उडाल्याचा आवाज झाला, तेवढेच.

पुढील रविवारी मंडळाची सभा आहे. नव्या कागदावर तू सही करू नकोस. केली असल्यास फाडून टाक.

अण्णा



कब्बनपेठ
२३ नोव्हेंबर १९६४

चि. सौ. विमला,

काल सभा झाली. मी वही घेऊन गेलो आणि चारशे अकरावी नोंद वाचून दाखविली. डोळ्यांनी नव्हे, ती पाठ आहे. मग पाहिले ते सांगितले व पाहिले असून नाकारले तेही सांगितले. कावेरीचे नाव सांगितले.

नरसिंहराव मध्येच म्हणाले, "आप्पाजी, बसा. तुमची तब्येत बरी नाही. आपण नंतर बोलू." मी म्हणालो, "नियम क्रमांक दोन वाचावा." कोणी वाचीना. तेव्हा तोही मीच म्हणून दाखविला, कारण त्याचे शब्द माझेच आहेत. एक तरुण डॉक्टर म्हणाले की, एका नोंदीसाठी अकराशे नोंदी टाकणे म्हणजे कोटाचे एक बटण गेले म्हणून कोट जाळणे. मला ते ऐकावेसे वाटले. फार वाटले. परंतु चौदा वर्षांचा कोट याच सभेत मी एका माणसाच्या अंगावरून उतरविला आहे.

मतदान झाले. नोंदी बाद झाल्या. ऊद, चित्रबलाक, सर्व. ज्या नोंदींत पहिली साक्ष तुझी व दुसरी माझी, त्याही गेल्या, कारण दुसरी साक्ष उरली नाही. एकशे सहासष्टावी, काडुपापाची, तीही गेली. तेवढीच ठेवावी असे मी विचारले होते. नियमात बसत नाही, असे नरसिंहराव म्हणाले, आणि त्यांचे बरोबर होते.

येताना वाट वाकडी करून रघुपती वकिलांच्या दारी गेलो. त्यांनी आत बोलाविले नाही. पायरीवरच मी सांगितले की, माझी वही बाद झाली. त्यांनी दाराची कडी हातात धरली. मग म्हणाले, "माळढोक मी पाहिला होता, आप्पाजी. रविवार चुकला होता. एक आठवडा मागचा होता तो. मी तेव्हा ओरडून सांगितलं, तुम्ही मापाची वही हलवत होता." खरे असेल किंवा नसेल. मला आता ते ठरविता येत नाही. त्यांनी दार लावून घेतले.

वही याच टपालाने तुजकडे निराळी पाठविली आहे. ती मंडळाला नको आहे आणि मला वाचता येत नाही; हे पत्रही हाताच्या अंदाजाने लिहितो. तुला ती ठेवावीशी वाटली नाही तर शाळेतील मुलींना मागच्या कोऱ्या पानांवर अक्षर गिरवावयास द्यावी. कागद चांगला आहे.

चारशे अकराव्या नोंदीवरील लाल रेघ मला काढता आली नाही; शाई कागदात मुरली आहे. भाग्यलक्ष्मीकडून कोऱ्या जागेवर बोट ठेवून घेतले आणि तेथे सही केली. ओळीच्या बाहेर गेली असेल तर क्षमा कर. मंडळाच्या नियमाप्रमाणे माझी सही आता कोठेही साक्ष म्हणून धरली जात नाही. म्हणजे नोंद होती तशीच आहे, एकट्या तुझी. हे ठाऊक असून केली आहे.

तू ये असे मी लिहीत नाही. पट्टी तुझ्या आईच्या पेटीत होती, तीही वहीबरोबर बांधली आहे.

वही पोहोचण्यापूर्वी तुला कळावे म्हणून नोंद भाग्यलक्ष्मीकडून उतरवून खाली देतो. शेवटची ओळ मी सांगितली तशी तिने लिहिली आहे.

अण्णा



क्रमांक ४११. रविवार, १५ नोव्हेंबर १९५३. सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे. केंपय्याचे तळे, दक्षिणेकडील खडक. बिबट्या, एक, बहुधा मादी. उन्हात बसलेली. शेपूट खाली सोडलेली. डाव्या कानास खाच. सुमारे सहा मिनिटे पाहिली. गावात कळविणे जरूर.
पहिली साक्ष: विमला आप्पाजी पतंगे.
दुसरी साक्ष: आप्पाजी रामजी पतंगे, शिंपी. पाहिली. गावात कळविले नाही.